संशोधन संस्थेतील आस्थापना शाखा : कारभार सोपा करायचा म्हणजे नेमके काय कमी करायचे?

जुनी_नस्ती

केंद्र सरकारच्या एका संशोधन परिषदेच्या वेगवेगळ्या संस्थांमध्ये मी एकतीस वर्षे आस्थापना शाखेत, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या रजा, बढती, पेन्शन पाहणाऱ्या शाखेत, काम केले. कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो आणि प्रशासकीय अधिकारी म्हणून निवृत्त झालो. आता जुळे सोलापुरात राहतो. आपल्या गावात डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र २००५ पासून आहे आणि कोरडवाहू शेतीचे संशोधन तर १९३३ पासून चालू आहे; म्हणून आधीच स्पष्ट करतो की माझी सगळी नोकरी महाराष्ट्राबाहेर झाली आणि खाली लिहिलेले अनुभव येथील कोणत्याही संस्थेचे नाहीत.

धागा काढण्याचे कारण लहानसे आहे. मागच्या महिन्यात सिद्धेश्वर तलावाकाठी सकाळी फिरताना ओळखीतला एक तरुण शास्त्रज्ञ भेटला. तो दुसऱ्या राज्यात नोकरीला आहे आणि बहिणीच्या लग्नासाठी गावी आला होता. त्याने विचारले, "काका, सहा दिवसांची अर्जित रजा मंजूर व्हायला अकरा दिवस का लागतात? मी लग्न उरकून परत जाईन आणि त्यानंतर मला आदेश मिळेल." मी हसून वेळ मारून नेली, पण घरी आल्यावर कागद घेऊन बसलो आणि त्या अर्जाची वाट आठवून लिहून काढली.

अर्जावर आधी विभागप्रमुखाची शिफारस होते, मग आवक नोंद होते आणि मग तो संबंधित सहायकाकडे जातो. सहायक सेवापुस्तकातले, म्हणजे कर्मचाऱ्याच्या नोकरीभरच्या नोंदींच्या पुस्तकातले, रजेचे पान उघडतो, १ जानेवारीला आणि १ जुलैला जमा झालेले पंधरा-पंधरा दिवस धरून शिल्लक काढतो आणि टिपणी लिहितो. टिपणी सहायक प्रशासकीय अधिकारी, प्रशासकीय अधिकारी आणि संचालक या क्रमाने वर चढते आणि त्याच पायऱ्यांनी खाली उतरते. मग कार्यालयीन आदेशाचा मसुदा होतो, तो मंजुरीसाठी पुन्हा वर जातो, टंकलिखित प्रतीवर स्वाक्षरी होते, जावक क्रमांक पडतो आणि पाच प्रती पाच ठिकाणी जातात. मी मोजले तेव्हा तो कागद चौदा वेळा एका हातातून दुसऱ्या हातात गेलेला होता. या चौदांपैकी निर्णय म्हणावा असा एकच हात आहे, तो विभागप्रमुखाचा. कारण ते सहा दिवस प्रयोगाचे काम कोण पाहील हे फक्त त्यालाच माहीत असते. बाकीचे तेरा हात शिल्लक रजा तपासतात किंवा तपासणाऱ्याला तपासतात.

यात मधेच कोणी "कृपया चर्चा करावी" असे लिहिले की दोन दिवस वाढतात. हे तीन शब्द मी स्वतः किती वेळा लिहिले असतील याचा हिशेब नाही. बहुतेक वेळा चर्चेचा विषय एवढाच असे, की अर्जदाराने रजेच्या आधीचा शनिवार-रविवार जोडण्याची परवानगी मागितली आहे पण मुख्यालय, म्हणजे नोकरीचे गाव, सोडण्याची मागितलेली नाही. त्यासाठी सहायकाला टेबलापाशी बोलावून जे विचारायचे ते दूरध्वनीवर अर्ध्या मिनिटात उरकले असते.

पुढे नस्त्या, म्हणजे फायली, संगणकावर चालवणारे ई-ऑफिस आले. आमच्या संस्थेत सुरुवातीची दोन वर्षे अशी गेली, की पडद्यावरच्या टिपणीची छापील प्रत काढायची, तिच्यावर पेनने सही घ्यायची, ती स्कॅन करून पुन्हा त्याच नस्तीला जोडायची आणि छापील प्रत "असू द्या" म्हणून जुन्या पुठ्ठ्याच्या नस्तीत लावायची. चौदाचे सोळा झाले. संगणकाने कागदाचा वेग वाढवला हे मान्य आहे, पण हातांची संख्या कोणी कमी केली नाही. मला या धाग्यात एवढाच मुद्दा मांडायचा आहे : सोपे करणे आणि संगणकावर चढवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपल्याकडे दुसरीलाच पहिली समजले जाते.

संशोधन संस्थांचा विषय वेगळा काढण्यालाही कारण आहे. शास्त्रज्ञांना सचिवालयाचे सेवानियम जसेच्या तसे लावून चालत नाही, ही गोष्ट आपल्या देशाने मोठी किंमत देऊन शिकली आहे. १९७२ मध्ये एका कृषिशास्त्रज्ञाच्या आत्महत्येनंतर भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या नेमणुका व कारभाराची चौकशी करायला निवृत्त सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांची समिती बसली. त्यानंतर १ नोव्हेंबर १९७३ रोजी निवडीसाठी वेगळे भरती मंडळ झाले आणि १ ऑक्टोबर १९७५ पासून कृषी संशोधन सेवा सुरू झाली, जिच्यात वरची जागा रिकामी होण्याची वाट न पाहता दर पाच वर्षांनी कामाचे मूल्यमापन करून पुढे नेण्याचे तत्त्व आले. अणुऊर्जा खात्याने तर ही वाट त्याआधीच धरली होती. १ मार्च १९५८ च्या ठरावाने अणुऊर्जा आयोगाला जे कार्यकारी आणि वित्तीय अधिकार मिळाले, ते आमच्या संचालकांना स्वप्नातही दिसले नाहीत. म्हणजे शास्त्रज्ञाची बढती कशी व्हावी याचा विचार आपण केला. त्याची रजा, त्याचा प्रवासभत्ता, त्याचे सेवापुस्तक, त्याच्या प्रकल्पावरच्या मुलांचे मानधन मात्र तसेच मागे राहिले.

येथे शास्त्रज्ञ, तंत्रज्ञ आणि लेखा शाखेतील मंडळी आहेत असे दिसते. आपला अनुभव लिहावा.

कोरडवाहू

जुनी_नस्ती साहेब, त्या अकरा दिवसांचे मला नवल वाटले नाही. मी ज्वारीवर काम करतो, सेवेत आहे, त्यामुळे संस्थेचे नाव लिहीत नाही.

आपण बढतीचा विचार झाला असे म्हणता ते तत्त्वापुरते खरे आहे. वैज्ञानिक खात्यांमधल्या लवचीक पदोन्नती योजनेत जागा रिकामी असण्याची अट नाही. शास्त्रज्ञ 'ब' या पदावरून 'क' ला तीन वर्षे, पुढच्या दोन टप्प्यांना चार-चार, त्यापुढे पाच-पाच, असा किमान काळ ठरलेला आहे. १९९८ आणि २०१० च्या आदेशांनी ती आणखी नेटकी झाली. आमच्या सेवेतले नियम थोडे निराळे आहेत, पण तत्त्व तेच आहे. कागद मात्र विचारू नका.

गेल्या वर्षी माझे मूल्यमापन होते. मी पाच वर्षांत केलेले काम चार वेगवेगळ्या नमुन्यांत चार वेळा लिहिले : वार्षिक कार्यमूल्यमापन अहवालात, प्रकल्पाच्या प्रगती अहवालात, संस्थेच्या वार्षिक अहवालासाठी आणि शेवटी मूल्यमापनाच्या प्रपत्रात. चारही ठिकाणी माहिती तीच. फरक एवढाच, की एका ठिकाणी शोधनिबंधाचे वर्ष लेखकांच्या नावांनंतर येते आणि दुसरीकडे शेवटी. त्यानंतर सात प्रती, प्रत्येकीला स्पायरल, प्रत्येक शोधनिबंधाच्या पहिल्या पानाची छायाप्रत आणि त्या छायाप्रतीवर "खरी प्रत" म्हणून माझीच सही. वास्तविक राजपत्रित अधिकाऱ्याच्या सहीची अट जाऊन स्वसाक्षांकन आले ते लोकांचा त्रास वाचावा म्हणून. आमच्याकडे त्याचा अर्थ असा झाला, की पूर्वी दुसऱ्याला त्रास होत होता, आता मीच दीडशे सह्या करतो.

स्वमूल्यमापन १५ एप्रिलपर्यंत द्यायचे असते. रब्बी ज्वारीची काढणी होऊन कणसांची वजने, कडब्याची वजने, दाण्याचे नमुने, असा सगळा हिशेब त्याच दिवसांत मांडायचा असतो. मार्चअखेर खर्च संपवण्याची घाई वेगळीच असते. या तारखा कोणी मुद्दाम वाईट ठरवल्या असे मी म्हणत नाही. त्या दिल्लीतल्या मंत्रालयातल्या माणसाला सोयीच्या आहेत आणि शेतावरच्या माणसाचा विचार करायला तेथे कोणी नव्हते, एवढेच.

लाल_शाई

मी लेखा शाखेत होतो आणि काही वर्षे अंतर्गत तपासणी पथकातही होतो, त्यामुळे येथे माझी बाजू लोकप्रिय होणार नाही याची कल्पना आहे. तरीही लिहितो.

जुनी_नस्ती यांनी चौदा हात मोजले. त्यातले दहा तरी कोणत्या ना कोणत्या लेखाआक्षेपानंतर जन्माला आलेले असतात. आमच्याकडे एका कर्मचाऱ्याने मुलांच्या शिक्षणभत्त्याची मागणी केली, तशीच त्याच्या पत्नीने तिच्या कार्यालयात केली आणि तीन वर्षे दोघांनाही रक्कम मिळाली. हे उघडकीस आल्यावर वसुली झालीच. पण त्या दिवसापासून सर्वांनाच 'जोडीदाराने ही मागणी केलेली नाही' असे जोडीदाराच्या कार्यालयाचे पत्र दरवर्षी आणावे लागू लागले. एका माणसाच्या लबाडीसाठी दोनशे माणसांनी पत्रे आणली, हे मला मान्य आहे. पण आक्षेप निघाला तेव्हा उत्तर द्यायला कोणाला उभे केले? ज्या सहायकाची शेवटची सही होती त्याला. विभागप्रमुखाने काय शिफारस केली होती हे कोणी विचारले नाही.

त्यामुळे सहायक काय करतो? आपल्या सहीच्या वर आणखी दोन सह्या असाव्यात अशी व्यवस्था करतो. आपण त्याला दप्तरदिरंगाई म्हणता, तो त्याला पेन्शन वाचवणे म्हणतो. सह्या कमी करायच्या असतील तर आधी हे ठरवा, की चूक झाल्यावर जबाबदार कोण, आणि प्रामाणिक चूक व लबाडी यांत फरक केला जाईल की नाही. ते न ठरवता हात कमी केले तर उरलेला हात सहीच करणार नाही.

गणवेश_उद्योग

आमचा शाळेच्या गणवेशांचा कारखाना आहे. शिवणारे, कापणारे, पॅकिंगचे मिळून तीनशेच्या आसपास लोक आहेत. रजा मोबाईलवर मागतात, सुपरवायझर 'हो' म्हणतो, पगारात आपोआप लागते. सरकारी संस्थेत हे का होत नाही, हे मला प्रामाणिकपणे कळत नाही.

लाल_शाई

गणवेश_उद्योग, आपल्याकडे रजा चुकीची लागली तर आपले पैसे जातात आणि आपण सुपरवायझरला बोलता. येथे जनतेचे पैसे जातात आणि बोलायला पाच वर्षांनी लेखापरीक्षक येतो. शिवाय भरती म्हटली की आरक्षणाची बिंदुनामावली, शिस्तभंग म्हटला की घटनेतील किंवा संस्थेच्या नियमांतील संरक्षण, बढती म्हटली की विभागीय पदोन्नती समिती. ही सगळी बंधने मनमानीला आळा घालण्यासाठी आहेत आणि ती असायलाच हवीत. पण रजेबद्दल आपण म्हणता ते बरोबर आहे. तिथे मला बचाव सुचत नाही.

मोहोळची_माळ

मी एका केंद्रीय संस्थेत प्रकल्पावर वरिष्ठ संशोधन छात्रवृत्तीधारक होते. आपल्या सगळ्यांच्या चर्चेत सेवापुस्तक आहे, रजेचे पान आहे, बढती आहे. आमच्याकडे यातले काहीच नाही, तरीही कागद आहेत, म्हणून लिहिते.

१ जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ छात्रवृत्ती ३७,००० आणि वरिष्ठ ४२,००० रुपये झाली. वर्तमानपत्रात ते वाचून मोहोळला आईने पेढे वाटले. प्रत्यक्षात वाढीव रक्कम माझ्या हातात यायला पुढचा हिवाळा आला, कारण प्रकल्प जुन्या दराने मंजूर होता आणि वाढीव तरतुदीचे पत्र, त्याला संस्थेची मान्यता, मग सुधारित आदेश, असा तो प्रवास होता. मधल्या काळात नेहमीची छात्रवृत्तीसुद्धा एकदा चार महिने थांबली. कारण असे सांगितले गेले, की मागच्या वर्षीचे उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे निधी ठरल्याप्रमाणे खर्च झाल्याचा दाखला, गेलेले नाही म्हणून पुढचा हप्ता आलेला नाही. ते प्रमाणपत्र मी पाठवायचे नव्हते, माझ्या मार्गदर्शकांनीही नव्हते. ते लेखा शाखेत सहीसाठी पडून होते.

दर सहा महिन्यांनी आमचा करार संपत असे. मधे एक दिवसाचा खंड द्यायचा आणि पुन्हा रुजू अहवाल लिहायचा. प्रत्येक वेळी रुजू अहवालासोबत पदवीच्या प्रती, जन्मतारखेचा दाखला, बँकेचे तपशील आणि आधार द्यावे लागत. तीन वर्षांत मी माझी दहावीची गुणपत्रिका त्याच टेबलावर, त्याच बाईंना सहा वेळा दिली. पाचव्या वेळी मी त्यांना विचारले, "ताई, तुमच्याकडे चार प्रती आहेत ना?" त्या म्हणाल्या, "आहेत गं, पण त्या जुन्या नस्तीत आहेत. ही नवी नस्ती आहे." त्या स्वभावाने चांगल्या होत्या; माझी रक्कम थांबली तेव्हा त्यांनीच दोनदा लेखा शाखेत जाऊन पाठपुरावा केला. त्यामुळे माझा राग माणसांवर नाही. नवी नस्ती उघडली की माणूसही नवा होतो, या समजुतीवर आहे.

परतलेला_सोलापूरकर

मी मधली दोन वर्षे अमेरिकेत मेरीलँड राज्यातल्या गेथर्सबर्ग येथील राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे निस्टमध्ये, पाहुणा संशोधक होतो. तेथील कर्मचारी नव्हतो, त्यामुळे बाहेरून जेवढे दिसले आणि सहकाऱ्यांकडून कळले तेवढेच लिहितो. पण तेथील गोष्ट या धाग्याशी जवळची आहे.

अमेरिकेच्या संघराज्य नोकरीत साधारण वेतनश्रेणी पंधरा आणि प्रत्येकीत दहा पायऱ्या असतात. कोणते पद कोणत्या श्रेणीत बसते हे ठरवण्यासाठी त्या पदाचे लांबलचक वर्णन लिहायचे, ते तपासायचे, त्यावर वाद घालायचे, असा कारभार असे. १९७८ च्या सेवासुधारणा कायद्याने प्रयोग करून पाहण्याची मुभा दिली. १९८० मध्ये नौदलाच्या चायना लेक आणि सॅन दिएगो येथील प्रयोगशाळांनी अनेक श्रेणी एकत्र करून मोजके रुंद वेतनपट्टे केले आणि पदवर्णने आखूड केली. निस्टने १९८८ मध्ये, म्हणजे जुने राष्ट्रीय मानक ब्युरो हे नाव बदलले त्याच वर्षी, तशीच पद्धत घेतली : कामाचे चार मार्ग आणि प्रत्येकात पाच पट्टे. १९९६ मध्ये ती कायमची झाली.

मला यात महत्त्वाचे वाटते ते असे, की त्यांनी पंधरा श्रेण्यांचा अर्ज संगणकावर भरून घेतला नाही. आधी श्रेण्याच कमी केल्या. दोन शेजारच्या श्रेण्यांमधला फरक सिद्ध करण्यासाठी जो कागद लागत होता तो फरकाबरोबरच गेला. पट्ट्याच्या आत पगार किती वाढवायचा हे वरिष्ठ कामावरून ठरवतो. याची दुसरी बाजूही सहकारी बोलून दाखवत : नियमाने मिळणारी वाढ नाकारायला कोणाचे तोंड वाईट होत नाही, पण स्वतः ठरवलेली कमी वाढ शेजारच्या खोलीतल्या माणसाला समोर बसवून सांगावी लागते. आपल्याकडे हे किती जणांना जमेल, याबद्दल मला शंका आहे. लाल_शाई यांचा जबाबदारीचा प्रश्न तेथेही आलाच होता, फक्त तो लेखापरीक्षकाऐवजी वरिष्ठाच्या गळ्यात पडला.

कोरडवाहू

वेतनपट्ट्याची कल्पना आपल्याकडे मला धोक्याची वाटते. आमच्या मूल्यमापनात गुण ठरलेले आहेत म्हणून निदान भांडता तरी येते. सगळे संचालकाच्या मतावर सोडले तर १९७२ च्या आधीचे दिवस पुन्हा येतील. सोपे हवे, पण हाताला येईल तसे नको.

जुनी_नस्ती

सर्वांचे आभार. थोडे सविस्तर लिहितो, कारण लाल_शाई यांनी योग्य ठिकाणी बोट ठेवले आहे आणि त्यांच्याच उदाहरणात मला उत्तर दिसते.

मुलांच्या शिक्षणभत्त्याचे पुढे काय झाले ते पाहा. सहाव्या वेतन आयोगानंतर २००८ मध्ये तो पावत्यांवर मिळू लागला. फीची पावती, पुस्तकांची पावती, गणवेशाची पावती, बुटांची पावती. गणवेश_उद्योग यांच्या कारखान्यातला सदरा कोणत्या दुकानातून किती रुपयांना घेतला, हे केंद्र सरकारचा सहायक दिव्याखाली धरून तपासत असे. मी स्वतः एकाची बुटांची पावती परत केली आहे, कारण नियमात बुटांचा एक जोड होता आणि पावतीवर दोन जोड होते. सातव्या वेतन आयोगानंतर ठरावीक रक्कम आली, तेव्हा दर मुलामागे महिना २,२५० रुपये, आणि २०१८ च्या आदेशाने शाळेच्या प्रमुखाचे एक प्रमाणपत्र पुरेसे झाले. मूल त्या वर्षी त्या शाळेत शिकत होते का, एवढाच प्रश्न उरला. पावत्यांची थप्पी एका दिवसात नाहीशी झाली, तिच्याबरोबर खोट्या पावत्याही गेल्या आणि लेखापरीक्षकाचे कामही हलके झाले. जोडीदाराबद्दल एक स्वयंघोषणा उरली. ती खोटी निघाली तर घोषणा करणारा सापडतो, सहायक नाही. लाल_शाई साहेब, जबाबदारी अशी हलवता येते. तपासणाऱ्याकडून सांगणाऱ्याकडे.

रजेला हेच लावा. शिल्लक किती हे यंत्राला कळते, मग ते तपासणारे हात कशाला हवेत? विभागप्रमुख मंजूर करील, शिल्लक नसेल तर यंत्र अर्जच घेणार नाही, आणि आदेशाऐवजी नोंद होईल. संचालकांनी स्वतःचा हा अधिकार विभागप्रमुखांना लेखी द्यावा लागतो, आणि खरी अडचण तेथेच असते. माझ्या एका संचालकांना मी असा प्रस्ताव दिला होता. ते म्हणाले, "मग कोण कुठे गेले आहे हे मला कसे कळणार?" मी सुचवले की रोज सकाळी यादी टेबलावर येईल. ते म्हणाले, "यादी वेगळी आणि सही वेगळी." प्रस्तावावर त्यांनी काय लिहिले असेल हे आपण ओळखलेच असेल. मंत्रालयांमध्ये २०२१ पासून नस्ती चारपेक्षा जास्त पायऱ्यांवरून जाऊ नये असा प्रयत्न चालू आहे. शेपन्नास शास्त्रज्ञांच्या संस्थेला चारसुद्धा जास्तच आहेत.

मोहोळची_माळ, आपल्या दहावीच्या गुणपत्रिकेबद्दल मी आमच्या सर्व शाखांच्या वतीने शरमलो. यावर एकच नियम पुरेसा आहे : संस्थेने एकदा घेतलेला आणि न बदलणारा कागद पुन्हा मागायचा नाही; मागितला तर मागणाऱ्याने कारण लिहायचे. कारण लिहायचे म्हटले की निम्मी मागणी आपोआप गळते, हा अनुभव आहे.

आता सेवापुस्तकाबद्दल. माझ्या हातून झालेली एक गोष्ट सांगतो. एका संस्थेत आमचे एक क्षेत्र तंत्रज्ञ निवृत्त झाले. तीस वर्षांत त्यांच्या तीन बदल्या झाल्या होत्या. पेन्शनची कागदपत्रे करायला घेतली तेव्हा दुसऱ्या बदलीच्या वेळचे एक वर्ष आणि दोन महिने सेवापडताळणीची नोंदच नव्हती. पानावर खळीने चिकटवलेला एक पिवळा कागद होता, त्याच्यावर शिक्का होता आणि शिक्क्याखालची सही राहून गेलेली होती. ज्या कार्यालयाने ती करायची ते दुसऱ्या संस्थेत विलीन झालेले. पत्रव्यवहार सात महिने चालला. तोवर त्यांना तात्पुरती पेन्शन चालू होती, पण ग्रॅच्युइटी अडकली होती आणि घराचे काम अर्धवट पडले होते. नियमाप्रमाणे अठरा वर्षांची सेवा झाल्यावर आणि पुन्हा निवृत्तीच्या पाच वर्षे आधी अर्हताकारी, म्हणजे पेन्शनसाठी धरल्या जाणाऱ्या, सेवेचा पडताळा करून कर्मचाऱ्याला प्रमाणपत्र द्यायचे असते. त्यांची अठरा वर्षे पूर्ण झाली तेव्हा त्या शाखेत मी होतो. पडताळणीच्या यादीत त्यांचे नाव होते. मी ते पुढच्या तिमाहीवर ढकलले आणि त्या तिमाहीत माझी बदली झाली.

सामान्य वित्तीय नियमांत, २०१७ च्या आवृत्तीत नियम २८८, असे स्पष्ट आहे की सेवापुस्तकाच्या दोन प्रती असतात. एक कार्यालयात आणि दुसरी कर्मचाऱ्याकडे. नव्या माणसाला ती रुजू झाल्यापासून महिन्याभरात द्यायची. दर जानेवारीत त्याने ती आणून द्यायची आणि कार्यालयाने तीस दिवसांत नोंदी पूर्ण करून परत करायची. त्याच्याकडून हरवली तर पाचशे रुपये भरून नवी मिळते. एकतीस वर्षांत दुसरी प्रत मागणारे कर्मचारी मला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच भेटले, आणि आम्हीही होऊन कोणाला दिली नाही, हेही खरे आहे. २०१७ पासून पेन्शनसाठी 'भविष्य' प्रणाली सक्तीची झाली, ई-एचआरएमएस या कर्मचारी-नोंदींच्या संगणक प्रणालीवर सेवापुस्तके चढवणे चालू आहे. पण चढवताना जे चुकले ते माणसाने स्वतः पाहिल्याशिवाय कोणाला कळणार? त्या तंत्रज्ञांच्या घरी दुसरी प्रत असती, तर ती सही राहून गेल्याचे त्यांना पुढच्याच जानेवारीत दिसले असते, त्यावेळी ते कार्यालयही होते आणि सही करणारे गृहस्थही.

म्हणून कोरडवाहू, आपल्याला माझा आग्रह आहे. सुधारणा व्हायची तेव्हा होवो. आपण आपली प्रत लेखी मागा.

लाल_शाई

शिक्षणभत्त्याचा मुद्दा मी मान्य करतो. एक भर घालतो : अधिकार विभागप्रमुखाला देताना आदेशात हेही लिहावे, की आक्षेप आल्यास खुलासा त्यानेच करायचा आहे. नाहीतर मंजुरी वरच्याची आणि मेमो खालच्याला, हे चालूच राहील. आणि जुनी_नस्ती, आपण त्या तिमाहीबद्दल लिहिलेत ते बरे केलेत. माझ्याकडेही अशा दोन तिमाही आहेत.

कोरडवाहू

कळवण्यास उशीर झाला, क्षमस्व. या धाग्यानंतर मी आस्थापना शाखेत नियम २८८ चा उल्लेख करून अर्ज दिला. सहायकांनी तो दोनदा वाचला आणि विचारले, "कुठे तक्रार करायची आहे का साहेब?" नाही म्हटल्यावर त्यांनी बसायला सांगितले आणि मूळ पुस्तक काढले. आम्ही दोघांनी मिळून पाने उलटली. २०१४ ते २०१६ या काळातील वार्षिक पडताळणीच्या नोंदी नाहीत. माझ्या वारसनोंदीत अजूनही वडिलांचेच नाव आहे, लग्नानंतर दिलेला माझा अर्ज मागे टाचणीने लावलेला आहे, त्यावर आवक शिक्काही आहे, पण नोंद घेतलेली नाही. टाचणीचा गंज कागदावर उतरला आहे.

दुसरी प्रत करण्यासाठी संचालकांची मान्यता लागेल असे सहायकांनी सांगितले. टिपणी सादर झाली आहे आणि सध्या ती प्रशासकीय अधिकाऱ्यांकडे आहे.